पाहुणीच्या नावाने

मारुंजीत आम्ही भाड्याने राहत होतो, त्या वर्षी कंपनीने मला दोन महिन्यांसाठी चीनला पाठवलं. निघताना घरमालकीण म्हणाली, "इतक्या लांब कशाला जातीस गं? हितलं हिंजवडीचं काम सरलं व्हय?" मला हसायलाही आलं नाही. जाण्याआधीच मी थकलेली होते.

तिकडे आठवडाभर काम आणि रविवारी झोप, एवढंच मला हवं असायचं. पण शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी एका रविवारी हट्टालाच पेटली. "जुन्या राजांच्या काळातल्यासारखी बाग उभारलीय. तुला दाखवायचीच आहे," असं तुटक इंग्रजीत म्हणत राहिली. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून गेले.

बाग सुंदर होती, असं आता म्हणता येतं. मोठं तळं, त्यावर वळणावळणाचा लाकडी पूल, भोकाभोकांचे उंच दगड, टोकं वर वळलेल्या छपरांचे मंडप. सैनिकांच्या वेषातली पोरं भाले टेकून उभी होती, त्यातला एक जांभया देत होता. कर्ण्यावर सतत बासरी चालू. माझ्या टाचा ठणकत होत्या, मला फक्त बसायला जागा हवी होती. ही मात्र कशाकडेही न बघता मला ओढत पार मागच्या विणकरांच्या झोपडीपर्यंत घेऊन गेली.

तिथे जुन्या धाटणीच्या निळ्या पोशाखात एक बाई मागावर बसली होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. दंडाला फीत बांधलेला मुकादम आसपास फिरत होता. मैत्रीण माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणाली. बाईने माझ्याकडे बघत उत्तर दिलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर.

"काय विचारतेयस तिला?" मी म्हटलं.

"तू विचारतेयस," मैत्रीण हळूच म्हणाली. "गुडघा कसा आहे, आणि पाठवलेलं औषध पोचलं का."

मला काही कळेना.

"ती माझी आई आहे. कामावर असताना घरच्यांशी बोलायला बंदी आहे. पाहुण्यांशी चालतं. तू हसत राहा."

मी हसत राहिले, मान डोलवत राहिले. मध्येच बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिची बोटं खरखरीत होती. हा हात तिने लेकीचा म्हणून धरलाय हे कळत होतं, म्हणून मीही तो काढून घेतला नाही. मग मुकादम जवळ आला आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये मैत्रिणीने सगळं सांगितलं. त्यांचं गाव तिथेच होतं. बागेसाठी ते उठवलं, आणि घर होतं तिथे आता तळं आहे. आई बागेच्याच वसतिगृहात राहते, तिथे बाहेरच्यांना येऊ देत नाहीत. आईला सुट्टी असते तेव्हा हिला नसते, आणि आईकडे फोनही नाही. मला मुळशी धरणाचं पाणी आठवलं. ऑफिसच्या सहलीत आम्ही काठावर भजी खात उभे होतो आणि कुणीतरी सहज म्हणालं होतं, याच्याखाली गावं आहेत. तिला हे सांगावंसं वाटलं, पण खिडकीला डोकं टेकून ती झोपली होती.

उरलेल्या प्रत्येक रविवारी झोप सोडून मी तिच्याबरोबर गेले. विणकामाचं खूळ घेतलेली परदेशी बाई, असं मुकादमाला वाटलं असणार. मी मागाशेजारी बसायचे, त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत एकमेकींशी बोलायच्या, आणि बसल्या जागी माझे डोळे मिटायला लागायचे. कुणी मला उठवलं नाही.

मी मारुंजीला परतल्यावर वर्षभराने तिची मेल आली. आईने बागेतली नोकरी सोडली होती. आता ती लेकीच्या खोलीवर राहते आणि रविवारी दुपारपर्यंत उठत नाही, असं तिने लिहिलं होतं.