कारमाइनची भुकटी

चेन्नईला नोकरी लागली तेव्हा आईला एकच काळजी होती, "तिकडं आपलं बोलणारं कोण असणार?" निघालं कोणीतरी. अड्यारमधल्या त्या प्रयोगशाळेची प्रमुखच मराठी बोलायची. तिचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच राहिलेलं. तिचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं. अर्धे शब्द मला परत विचारावे लागत. बाकी सगळे तिला मॅडम म्हणत. मला मात्र तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मला अक्का म्हण." परक्या गावात एवढ्यानंही माणूस विरघळतो. मी विरघळले.

खाण्याच्या पदार्थांत घालायचे नैसर्गिक रंग आम्ही तपासायचो. माझ्याकडं कारमाइन आलं. निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढतात तो गडद लाल रंग. भुकटी इतकी हलकी, की बरणीचं झाकण उघडलं तरी उडायची. मी दिवसभर तिची वजनं करायचे, उघड्या टेबलावर, वर पंखा. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल गुलाबी.

अशी भुकटी काचेच्या बंद कपाटात तोलायची, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावायचा, सांडली तर झाडू न मारता ओल्या फडक्यानं टिपायची, हे मी कॉलेजात शिकले होते. अक्काला सांगितलंही. मास्कची मागणी नोंदवहीत लिहायला घेतली, तर तिनं वहीवर हात ठेवला.

"अगं, झाडापानांसारखंच नॅचरल ते. लोक आइस्क्रीममधून खातात की."

"खाणं वेगळं अक्का, छातीत जाणं वेगळं."

"तू आपली म्हणून सांगते, लिहू नकोस. वरचे लोक उगाच चौकशी लावतात. एवढं भिऊन कसं चालेल, कण्णा?" तमिळमध्ये लाडानं 'बाळा' म्हणतात तसं.

मी वही मिटली. कुणी माझा हात धरून मिटवली नव्हती.

काही महिन्यांनी खोकला लागला. सोमवारी जरा बरं असायचं. गुरुवार-शुक्रवारपर्यंत जिना चढताना छातीत शिटी वाजायची. डॉक्टरांनी फुंकायची एक नळी दिली आणि रोजचा आकडा लिहून ठेवायला सांगितला. सुटीच्या दिवशी आकडा वर, कामाच्या दिवशी खाली. तो कागद बघून त्यांनी सरळ विचारलं, "कामावर कसली धूळ असते?" मी सांगितलं. दमा होता, आणि बहुतेक त्या रंगानंच झालेला. तिथं मी काय हाताळते, याचं पत्र त्यांनी ऑफिसातून आणायला सांगितलं.

अक्कानं पत्र लगेच दिलं, बंद पाकिटात. डॉक्टरांनी ते वाचलं आणि माझ्यापुढं सरकवलं. या कर्मचाऱ्याला लहानपणापासून श्वासाचा त्रास आहे, तिनं तो नोकरी घेताना लपवला, सुरक्षेची सर्व साधनं तिला पुरवली होती. खाली सही.

एकदा डबा खाताना मी तिला सांगितलं होतं, की आमच्या गावी गुऱ्हाळं पेटली की धुरानं मला खोकला यायचा आणि आई ओव्यानं छाती शेकायची. घरची आठवण येत होती, समोर मराठी कळणारं माणूस होतं, म्हणून बोलले. तिनं त्यातला खोकला तेवढा ठेवून घेतला.

मी तिच्या केबिनमध्ये गेले. "अक्का, हे खोटं आहे."

"तूच सांगितलंस ना मला?" ती कम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाली. "आणि इथं मॅडम म्हणत जा."

मी राजीनामा दिला. भांडायला वकील हवा होता, दम हवा होता. दोन्ही नव्हतं. आता पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. दम्याचा पंप पर्समध्ये असतो. रांगोळीचा डबा कुणी उघडला तरी मी खोलीबाहेर जाते.

गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. तब्येतीची चौकशी केली, फराळाचं विचारलं. मग म्हणाली, "आपल्याकडची एखादी मुलगी आहे का गं माहितीत? केमिस्ट्रीवाली. वजनांच्या टेबलाला हवीय. आपलं माणूस बरं पडतं."

कितीतरी वाक्यं मी महिनोन्‌महिने मनात घोळवून ठेवली होती. तोंडून निघालं, "बघते, अक्का."

मी कुणालाच पाठवलं नाही. पण फोन ठेवल्यावर त्या 'बघते'ची इतकी चीड आली, की गॅसवरचा चिवडा करपला तरी मी तशीच उभी होते.