झाकलेलं नाव

इस्लापूरला बसमधून उतरलं की माझ्या आजोळच्या डोंगरांची रांग दिसते. काळा दगड, खुरटा साग, आणि उन्हाळ्यात पार करपलेलं गवत. त्यातला सगळ्यांत उंच डोंगर हा गावाचा देव आहे. डोंगरावर देव आहे असं नव्हे, डोंगरच देव. त्याला देऊळ नाही, शेंदूर नाही, पुजारी नाही. एक नाव आहे, आणि होळीनंतर ते कुणी घ्यायचं नाही. याला ‘नाव झाकणं’ म्हणतात. उन्हाळाभर डोंगर पोटात पाणी धरून निजलेला असतो. हाक मारली तर दचकून उठेल आणि पाणी सांडेल. म्हणून तोवर त्याला नुसतं ‘थोरला’ म्हणायचं, आणि दाखवायचा झालाच तर बोटानं नाही, हनुवटीनं. पावसाळ्यात ओढा दोन्ही काठांना लागून वाहिला की माझ्या आजोळच्या घरातला कर्ता पुरुष त्यात उभा राहतो आणि मोठ्यानं ते नाव घेतो. नाव उघडलं. मग लेकराबाळांनी खुशाल ओरडत सुटावं. पलीकडचं गावही आंध आदिवासींचंच, पण त्यांच्यात हे नाही. ते आमच्या गावाला हसतात.

माझा बाप अहमदपूरचा, बौद्ध घरातला, सरकारी नोकरीत. आई आदिवासी. आमच्या घरात देवाचा फोटो नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. ‘जाहीर आवाहन’ हे शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होते. आजोळी गेले की मी थोरल्याला मुद्दाम बोट दाखवायचे आणि मावश्या माझा हात खाली ओढायच्या. एकदा भर वैशाखात माझ्या तोंडून नाव गेलं. ज्यानं सांडलं त्यानं भरायचं, असा रिवाज. मला डोक्यावर घागर घेऊन डोंगराच्या पायथ्याशी पाणी ओतून यावं लागलं. सगळी आळी दारात उभी राहून हसत होती. मामा माझ्यासोबत चालत आला आणि परत येताना म्हणाला, “लई पाणी सांडलंस तू बाय. औंदा हंडाभर पाऊस कमीच पडंल.” तोही हसत होता.

पुढं मी मोठी झाले, स्वतः पत्रकं लिहू लागले, आणि नव्या जिल्ह्याच्या मागणीत पडले. किनवटच्या टोकाच्या माणसाला नांदेड गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. एका दाखल्यासाठी मजुरी बुडते, अडलेली बाई वाटेत मरते. जिल्हा जवळ आला की न्याय जवळ येईल, असं मी लिहिलं. ते मला मनापासून पटत होतं. अंतर ही सुद्धा एक जात असते, असंही मी लिहिलं होतं.

त्याच काळात दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी ओढा वाहिलाच नाही. त्यामुळं नाव उघडलं नाही. होळी आली तेव्हा झाकायला काही नव्हतं, ते झाकलेलंच होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात तर गावात बोलू लागलेली लेकरं अशी होती की त्यांना डोंगराचं नाव ठाऊकच नव्हतं. मामाची नात त्याला ‘थोल्ला’ म्हणायची. तिला वाटायचं, हेच त्याचं नाव.

आणि त्या उन्हाळ्यात खदानीचा अर्ज आला. नवा जिल्हा होणार, रस्ता रुंद होणार, त्याला खडी लागणार. ठेकेदाराच्या माणसांनी मोजणी करून चुन्याच्या खुणा मारल्या, त्या थेट थोरल्यावर. कायद्यानं ग्रामसभेचं म्हणणं ऐकणं भाग होतं, म्हणून तारीख लागली.

मी आदल्या दिवशी दुपारीच मामाकडं पोचले आणि त्याला कायदा समजावला. गाव ज्याला देव मानतं ती जागा वाचू शकते. पण ते सभेत बोलावं लागेल, नाव घेऊन सांगावं लागेल, म्हणजे नोंद होईल. मामा, आता घरातला कर्ता तोच, ओट्यावर बसून दोर वळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पाऊस येऊ दे, मग सांगतो, म्हणाला. सुनावणीचा साहेब पावसासाठी थांबणार नाही, असं मी म्हणाले. त्यावर त्यानं दोर बाजूला ठेवला.

“मी नाव घेतलं अन् पाऊस न्हाई आला, तर गाव कुनाकडं बघंल?”

“आणि नाही घेतलं तर डोंगर जाईल, मामा.”

त्यानं दोर उचलून पुन्हा वळायला घेतला.

सभा शाळेपुढच्या कडुनिंबाखाली भरली. साहेब औशाकडचे होते, वयस्क, सभ्य. त्यांनी विचारलं, डोंगरावर देऊळ आहे का? लोक म्हणाले, न्हाई. मूर्ती आहे? न्हाई. जत्रा भरते? न्हाई. सगळी उत्तरं खरी होती. मग त्यांनी विचारलं, डोंगराचं नाव काय?

कुणी बोललं नाही. एक म्हातारा ‘थोरला’ म्हणाला. साहेबांनी विचारलं, हे नाव झालं का? म्हातारा म्हणाला, न्हाई. मग नाव काय? म्हाताऱ्यानं नुसती हनुवटी वर केली. ठेकेदाराचा माणूस खुर्चीवर मागं रेलून म्हणाला, “बेनाव दिसतंय, साहेब. बारसं घालू की आपण. पेढे आमचे.” दोनचार पोरं हसली.

मामा उठला. टोपी काढून हातात घेतली आणि त्यानं नाव घेतलं.

बायांनी पदर कानावर घेतले. काही जणी उठून गेल्या. त्या म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. साहेबांना नीट ऐकू आलं नव्हतं, त्यांनी पुन्हा विचारलं. मामानं पुन्हा सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं कसं लिहायचं ते विचारलं, तेव्हा त्याला एकेक अक्षर सुटं करून सांगावं लागलं. जे नाव ओढ्यात उभं राहून एका दमात घ्यायचं, ते त्या फुफाट्यात तुकडे तुकडे होऊन पडलं.

मग साहेब सभेला म्हणाले, “हे एकटेच सांगतात. तुमच्यापैकी आणखी कुणी सांगेल का, हेच नाव आहे म्हणून?”

सांगायचं म्हणजे उच्चारायचं. सगळं गाव खाली मान घालून बसलं. मी उभी राहिले आणि ते नाव घेतलं. साहेबांनी माझं गाव विचारलं. अहमदपूर, म्हणाले. “बाई, तुम्ही बाहेरच्या. बसा,” ते म्हणाले. आवाज सौम्यच होता. अहमदपूर केवढं लांब असतं ते मला तेव्हा कळलं.

डोंगराला नाव नाही, देवस्थान नाही, असं ठरलं.

त्या वर्षीही पाऊस आला नाही. मामाला कुणी शिवी दिली नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त बोलायचे थांबले. टँकर आला की मामा रांगेत उभा राहायचा, आपल्या घागरीतलं अर्धं पाणी घरी द्यायचा आणि अर्धं नेऊन चुन्याच्या खुणांवर ओतायचा. प्यायला पाणी नसताना. रांगेतल्या बाया त्याच्या घागरीकडं बघायच्या. एकदा एक जण म्हणाली, “भाऊ, तुझ्या घागरीनं समिंदर भरंल, पर त्यो न्हाई भरायचा.” मी मामाला सांगितलं की तुझ्या बोलण्यानं पाऊस अडत नाही, ढगांचं शास्त्र वेगळं असतं. तो म्हणाला, हाव. असा म्हणाला, जसा आजारी माणूस भेटायला आलेल्याला म्हणतो.

पुढच्या वर्षी ओढा वाहिला, तोवर खदान सुरू झाली होती. खडीच्या भुकटीनं पाणी दुधासारखं झालं होतं. सवयीनं माणसं काठावर जमली. मामाही आला. पाण्यात गुडघ्याइतका उतरला आणि उभा राहिला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी त्याला सगळं माफ केलं असतं.

मामा वळून वर आला. “काय उघडू?” म्हणाला. “झाकलेलं कुठं हाय?”

माणसं पांगली. त्या दिवशी नाव कुणीच घेतलं नाही, आणि त्यानंतरही घेतलं नाही.

जिल्हा अजून झालेला नाही. रस्ता झाला, त्यावरून खडीच्याच गाड्या धावतात. डोंगराची एक बाजू पार गेली आहे आणि तिकडं बोट करून बोलायला आता कुणाला काही वाटत नाही. मागच्या खेपेला मामाच्या नातीनं मला हात लांब करून दाखवलं, “आत्या, त्यी बघ खदान.” मामा शेजारीच बसला होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पोरीचा हात खाली घेतला नाही.