अंगणवाडीतल्या काजूच्या बिया

आमच्या शाळेमागच्या खोलीत अंगणवाडी भरते. तिथल्या बाई पोरांना आकड्यांच्या आधी काजूच्या बिया देतात. पोरं त्या मोजतात, वाटून घेतात, भांडतात. बाई विचारतात, "मगे, आता तुझ्याकडे किती रवल्यो?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. कितीही वेळ.

गावाला हे दिसतच नाही. गाव तिला 'खिचडीची शाळा' म्हणतं आणि तीन वर्षांच्या पोरांना टाय बांधून मालवणच्या इंग्लिश केजीच्या गाडीत कोंबतं. तिथं पुढचे वर्ग नाहीत, म्हणून ती सगळी पहिलीला आमच्याकडेच येतात.

मी सातवीला गणित शिकवतो. बाईंच्या हाताखालून आलेली मुलं अडली की विचारतात. टायवाली घोकलेलं संपलं की गप्प बसतात. नुसता संताप होतो.

काल माझ्याच मुलीला घेऊन बाईंकडे गेलो. सातवीत आहे, अपूर्णांक दिसला की रडते. बाईंनी तिच्यापुढे बिया ओतल्या. "ह्यो चौघांक सारख्यो वाटून दाखय गो."

ती बियांना हात न लावता माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"गुरुजी, तुमी भायर बसा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "हिका टाय कोणी बांधललो?"

मीच बांधला होता.