फ्रेंचवाल्याची वही

सुपडूदादा गेल्याचं मला वर्गात कळलं. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून झालं होतं. त्यांचा धाकटा भाऊ दारात येऊन म्हणाला, "मास्तर, दादा गया..." मी ते वाक्य पूर्ण केलं आणि मगच खडू ठेवला. असं का केलं, कुणास ठाऊक. त्याला आता महिना उलटला.

पर्वत पाटियाच्या चाळीत ते माझे सख्खे शेजारी. कडोदऱ्याला यंत्रमागावर पाळ्या करायचे आणि जीव जडला होता फ्रान्सच्या एका फुटबॉलपटूवर! तरुणपणी भुसावळला रेल्वेच्या मैदानावर खेळताना दादांचा गुडघा कायमचा गेला होता. पुढे मालकाच्या केबिनमधल्या टीव्हीवर त्यांनी त्या गड्याला गुडघा धरून कोसळताना पाहिलं, काही महिन्यांनी पुन्हा धावतानाही पाहिलं, आणि तो त्यांच्या घरचाच झाला. नाव जिभेवर बसेना, म्हणून 'आपला फ्रेंचवाला'. दर रविवारी मी इंग्रजी पेपर वाचून दाखवायचो. "खेयना का तो? गुडघा कसा शे?" गोलांची चौकशी नंतर. मी चिडवायचो, "दादा, त्याला तिकडे मोठमोठे डॉक्टर आहेत." ते म्हणायचे, "डॉक्टरले काय, दुखस त्याले."

त्याची कात्रणं ते साडीच्या नमुन्यांच्या एका जुन्या वहीत चिकटवत. पहिलं कात्रण मी कारखान्यावर नेऊन दिलं तेव्हा चिकटवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते मागावरच्या दोऱ्यानं पानाला बांधून टाकलं. पुढची सगळी मात्र कणकेच्या खळीनं. वडील गावी हातमागाच्या सुताला तीच खळ लावायचे. डिंक विकत आणा म्हटलं, की दादांना तो वडिलांचा अपमान वाटे. राष्ट्रीय संघातली निवड, दुखापती, पुनरागमन... त्याचं सगळं आयुष्य त्या खळीवर उभं होतं.

वीस वर्षं छातीत गेलेल्या सुताच्या तुसानं शेवटी दादांना दवाखान्यात नेलं. जाताना वही माझ्या हातात दिली. "सांभाळी ठेवा." मी ती माळ्यावर ठेवली. पंधरा दिवसांनी काढली, तर उंदरांनी खळीसकट सगळं कुरतडलं होतं. कुठे एक बूट, कुठे नुसता कान. मी खाली बसलो आणि मास्तर असून रडलो.

"मास्तर, मनी वही लई या," ते दर भेटीला म्हणत. मी विसरलो म्हणायचो, पाऊस आहे म्हणायचो. मग एका रविवारी पेपरात तीन ओळी आल्या : गुडघ्यामुळे फ्रेंचवाला निवृत्त. ते कात्रण खिशात घेऊनच मी खाटेशी बसलो. नाकात नळी होती, तरी त्यांनी विचारलंच, "खेयना का?"

"खेळला," मी म्हणालो. "गुडघा?" "बरा आहे." त्यांनी डोळे मिटले. तो शेवटचा रविवार. वही नाही दिली, खरं नाही सांगितलं. काय करायला हवं होतं, ते मला अजूनही कळत नाही.

काल वही पुन्हा उघडली. दोऱ्यानं बांधलेलं पहिलं कात्रण तेवढं धड आहे. त्याला उंदरांनी तोंडही लावलेलं नाही. त्याच्यासमोर ही शेवटची बातमी बांधावी म्हणून दादांच्या घरी जाऊन वहिनींकडून दोरा मागून आणला. विणकराची गाठ दादांनी मला कितीदा तरी दाखवली होती, मी हसण्यावारी नेली होती. तीनदा बांधली, तीनदा सुटली. कात्रण अजून माझ्या खिशातच आहे.