बावीस किलोमीटर, तेही भांडण न करता

चिखलदऱ्याला लोक थंड हवा खायला जातात, नवी जोडपी फोटो काढायला जातात. मी गेलो तो कुंदानं ग्राऊंडवर, तिच्या दोन मैत्रिणींच्या देखत, मला एक प्रश्न विचारला म्हणून.

कुंदा आठशे मीटर धावते आणि माझ्यापेक्षा बरी धावते. नागपुरात रामदासपेठेत राहते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी डिसेंबरात एका सकाळी तिला सरळ सांगून टाकलं की मला तुझ्याशीच लग्न करायचं आहे, नाही तर कोणाशीच नाही. तिनं बुटाची नाडी बांधता बांधता मान वर केली.

"दिगांबर, एक सांग. तू सुरू केलेलं आजवर काय पुरं झालं?"

मी आठवायला लागलो. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकानं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि मी पेपर त्याच्या टेबलावर आपटून बाहेर आलो. टायपिंगचा क्लास मास्तरशी वाजल्यामुळे सुटला. कॉलेजच्या कॅम्पमधून तिसऱ्या दिवशी परतलो, वरणात वरण नव्हतं म्हणून. प्रत्येक ठिकाणी माझंच बरोबर होतं, हे मी तिला पटवून देणार होतो.

"तुझंच बरोबर असन," ती म्हणाली. "पण लग्न जन्मभराचं काम आहे. त्यातूनही तू दीड वर्षात उठून जाशील, अन् वर म्हणशील वरण पातळ होतं."

मैत्रिणी हसल्या. माझं डोकं फिरलं. ग्राऊंडच्या फलकावर चिखलदऱ्याच्या डोंगर-दौडीचं पत्रक चिकटवलेलं होतं: बावीस किलोमीटर, जंगलातून. मी बोट दाखवून म्हणालो, "ही जिंकून येतो."

"जिंकू नको. पुरी कर. अन् भांडण न करता. तसं केलं तं बाबांसोबत मी स्वतः बोलीन."

म्हणजे जंगलातले बावीस किलोमीटर एकीकडे आणि कुंदाचे बाबा दुसरीकडे. मला जंगल सोपं वाटलं.

तयारीबद्दल आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी नोकरी सांभाळून असल्या भानगडीत पडणार असेल तर उपयोगी पडेल. मी लकडगंजात मामाच्या लाकडाच्या टालावर काम करतो. टाल आठला उघडतो, म्हणून मी पाचला धावायला निघालो. पहिल्याच दिवशी तिसऱ्या गल्लीपर्यंत पोचलो नाही तोच मागून आरडाओरडा. वळून पाहिलं तर बनियनवर सात-आठ जण, हातात बादल्या.

"कोणाचा टाल पेटला गा?"

लकडगंजात पहाटे माणूस धावला की त्याचा एकच अर्थ होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हणालो, कोणाचाच नाही, मी व्यायाम करून राहिलो. त्यावर एका म्हाताऱ्यानं बादलीतलं पाणी माझ्याच पायावर ओतलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून मी टालांच्या भागातून चालत जायचो आणि कळमन्याच्या रस्त्याला लागलो की धावायचो. तिथे शेतं होती आणि कुत्री होती. आधी दोन कुत्री मागे लागत, महिन्याभरात सात झाली. माझा वेग का वाढला असं कोणी विचारलं तर मी श्रेय त्यांनाच देतो.

मामाला हे सगळं रिकामपण वाटायचं. "पळाचंच आहे तं सागाचा एक ओंडका खांद्यावर घेऊन पळ. गिऱ्हाइकाकडे पोचून तरी जाईन." गंमत म्हणजे मी ते केलंही. ओंडका नाही, पण फळ्या. चढावर मांड्या भरून आल्या तेव्हा त्या फळ्यांची आठवण झाली.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाची अमरावतीची एस.टी. पकडली. कोंढाळीला गाडी चहासाठी थांबते. तो प्या, पण शेजारच्या गाडीवरचा आलूबोंडा सोडू नका. पुढे तळेगावपर्यंत झोप काढायला हरकत नाही, तिवस्याच्या पुढचे खड्डे आपोआप उठवतात. अमरावतीला दहा-सव्वादहाला पोचलो. स्टँडजवळ गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वरून चटणी. दुसऱ्या दिवशी धावायचं असेल तर एकच प्लेट खा. मी दोन खाल्ल्या. तिथून परतवाडा, आणि परतवाड्याहून घाटाची गाडी. सगळी तिकिटं मिळून पंचवीस रुपयांच्या आत काम झालं. घाटात उजव्या बाजूला बसा, दरी दिसते. ओकारी येत असेल तर तीच बाजू सोयीची आहे.

घाटाच्या गाडीत माझ्या शेजारी वझलवार भेटला. नागपूरचाच, बँकेत क्लार्क. तोही दौडीलाच निघाला होता. त्याच्याकडे थर्मास होता, ग्लुकोजचे तीन डबे होते आणि कोऱ्या वहीत लिहिलेलं वेळापत्रक होतं: कुठल्या किलोमीटरला किती घोट.

"तुमची पद्धत काय?" त्यानं विचारलं.

"कुत्री," मी म्हणालो. तो पुढे दरी पाहत बसला.

मुक्काम एका शाळेच्या वर्गात होता, खाली तणस, वर आपापली घोंगडी. चिखलदऱ्याची जानेवारीतली थंडी नागपूरच्या थंडीसारखी नसते. नागपूरची थंडी सांगून येते आणि दहा वाजता निघून जाते. ही हाडात शिरून बसते. जाल तेव्हा दोन घोंगड्या न्या. गवळ्यांच्या घरची रबडी मात्र खाच. कढईत दूध अर्धं आटून तांबूस होतं, वरची साय बोटानं उचलता येते.

सकाळी सातला दौड सुरू होणार होती. आम्ही त्रेचाळीस जण छातीवर कापडी नंबर टाचून उभे. पाहुणे साडेनऊला आले. तोवर आम्ही तीनदा गरम झालो आणि तीनदा गार पडलो. मग हार झाले, स्वागतगीत झालं, आणि ज्यांना मोटारीतून उतरायला दोन माणसं लागली त्या पाहुण्यांनी आम्हाला धावण्याचं महत्त्व पाऊण तास समजावून सांगितलं. मग दौड भरवणाऱ्या मंडळाच्या सचिवांनी सूचनापत्रक वाचलं. त्यात एक कलम होतं, अस्वल दिसल्यास पळू नये. पळण्याच्या स्पर्धेचं कलम! मी हसलो तर सचिव म्हणाले, "हसू नका. रस्ता सोपा आहे. झाडांना लाल चिंध्या बांधल्या आहेत. चिंध्या दिसतील तिकडे पळायचं."

दहा-चाळीसला शिटी वाजली.

सुरुवातीचा उतार, कॉफीच्या झुडपांमधून जाणारी वाट, मग सागाचं जंगल, पाचोळा इतका की पाय कुठे पडतो ते दिसत नाही. मी पहिल्या पंधरांत होतो. वझलवार माझ्या पुढे, घड्याळ पाहत. नाला ओलांडला, पुन्हा चढ लागला. दर शंभर पावलांवर लाल चिंधी. मन इतकं प्रसन्न होतं की मी कुंदाच्या बाबांशी मनातल्या मनात बोलायला लागलो, आणि तेही मला चक्क "बसा" म्हणाले.

बाराव्या किलोमीटरला वाट फुटली. उजवीकडे एक चिंधी, डावीकडे चार. वझलवार डावीकडे गेला, त्याच्यामागे आम्ही सगळे. पुढे चिंध्या वाढतच गेल्या. आधी चार, मग दहा, मग फांदीफांदीला. मला मंडळाचं कौतुक वाटलं; चढ अवघड तशी काळजी जास्त. मग लाल चिंध्यांत हिरव्या दिसल्या, मग धोतराचे काठ, मग कोण्या लुगड्याचा पदर. आणि खिंडीच्या माथ्यावर एक झाड, ज्याला पानांपेक्षा चिंध्या जास्त. खाली दगडांची रास, शेंदूर, फुटके नारळ.

तिथे एक गवळण खव्याचं टोपलं खाली ठेवून दम खात बसली होती. पंधरा माणसं अर्ध्या चड्डीत, छातीवर नंबर लावून, तिच्यासमोर येऊन धापा टाकायला लागली.

"बाप्पा! इतक्या जणांचा नवस एकाच रोजी?"

"मावशी, हा दौडीचा रस्ता ना?" मी विचारलं.

"दौडीचा कायचा? हा चिंध्यादेव आहे. खिंडीतून जाणारा एक चिंधी बांधते, मंग सुखानं घरी पोचते. तुमच्या मंडळाचे लोक परवा आले होते लाल कापड घेऊन. ते तं खालून उजव्या हाताले गेले."

वझलवारनं एक चिंधी बोटांत धरून तपासली. "कापड मंडळाचंच आहे," तो म्हणाला.

"मंडळाचं नाही, माह्या सासूचं आहे," मावशी म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. चार जण सचिवांच्या नावानं ओरडले, दोघं एकमेकांवर ओरडले, एकानं तिथेच तक्रारअर्जाचा मसुदा तोंडी सांगायला सुरुवात केली. खिंडीच्या पलीकडेच डांबरी रस्ता होता. आमचा गोंधळ ऐकून मंडळाची शोधायला निघालेली जीप तिथे येऊन थांबली आणि एक स्वयंसेवक उतरला.

"बसा, बसा लवकर. पाहुण्यांना अमरावतीला जायचं आहे, बक्षिसं उरकायची आहेत."

"आणि दौड?" मी विचारलं.

"अर्धी तं झाली ना? समजा पुरी झाली. बसता का नाही? काहून टाइमपास करून राहिले?"

माझी मूठ वळली. खरं सांगतो, हात खांद्यापर्यंत वर गेला होता. समजा पुरी झाली! हे वाक्य मला कोणी म्हणायचं बाकी होतं. त्याच्या नाकाचा नेम धरला, आणि मग कळलं की हे नाक फोडलं की दौड इथेच संपली. पुन्हा माझंच बरोबर असणार होतं, आणि पुन्हा अर्ध्यावरच.

मावशी माझ्याकडेच पाहत होती. म्हणाली, "बांध गा एक. तुले जास्त गरज दिसते."

मी बनियनची खालची पट्टी टरकन फाडली आणि फांदीला बांधली. लोक तिथे पोर मागतात, पाऊस मागतात. मी मागितलं की पुढचे दोन तास माझा हात कोणावर उठू नये. जीप भरून निघून गेली. वझलवार मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता, घड्याळ पाहत. मी उलटा वळलो आणि तीन किलोमीटर खाली, वाट फुटली तिथवर परत गेलो.

उरलेल्या रस्त्याचं वर्णन करायला हवं, पण मला फारसं आठवत नाही. एकटेपणा आठवतो. उजव्या वाटेवर मंडळाच्या चिंध्या दर शंभर पावलांना एक, मोजून मापून, कंजूषपणे. मांडीत गोळा येऊन पडलो, गुडघा फुटला, तेव्हा दगडावर बसलो आणि रडलोही, सांगायला हरकत नाही. अस्वल दिसलं नाही. दिसलं असतं तर कलम आपोआप पाळलं गेलं असतं, पळायची ताकदच नव्हती.

मैदानात पोचलो तेव्हा मंडपाचे बांबू सुटत होते. पाहुणे गेले होते. सचिव एका टेबलावर बसून बुंदी खात होते.

"अरे, तुम्ही!" ते म्हणाले. "बरं झालं. दुसऱ्या नंबरचं प्रमाणपत्र कोरं राहिलं आहे. नाव टाकू का?"

"पण मी तं आत्ता येऊन राहिलो."

"म्हणूनच तं म्हणतो. बाकीचे सगळे, मागचे धरून, जीपच्या खेपांनी आले."

हसावं की टेबल उलटं करावं ते ठरेना. मी नुसतं विचारलं, "शेवटची रेषा कुठे आहे?"

त्यांनी बुंदीच्या हातानं दाखवलं. चुन्याच्या रेषेवर मंडपवाल्याचा टेम्पो उभा होता, अर्धा सतरंज्यांनी भरलेला. मी मंडपवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर.

"भाऊ, टेम्पो जरा मागे घ्या. रेषा खाली आहे."

"काहून?"

"मले ओलांडायची आहे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फाटका बनियन, रक्ताळलेला गुडघा, छातीवर नंबर. केबिनमध्ये चढला, इंजिन सुरू केलं आणि टेम्पो दहा हात मागे घेतला. मी पुन्हा मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून धावत येऊन रेषा ओलांडली.

"झालं?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"झालं."

"मंग घेऊ का पुढे?"

प्रमाणपत्र मी घेतलं नाही. परतीच्या गाडीत वझलवार पुन्हा शेजारी. मांडीवर पहिल्या नंबरचा कप. परतवाड्यापर्यंत तो कप रुमालानं पुसत होता. मग म्हणाला, "मी नाही म्हणणार होतो. पण त्यांनी माईकवर नाव घेतलं." माईकवर आपलं नाव घेतलं असतं तर आपण काय केलं असतं, हे मला नीटसं माहीत नाही.

नागपूरला आल्यावर कुंदाला सगळं सांगितलं. टेम्पोचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दौड पुरी केली यावर तिचा लगेच विश्वास बसला. स्वयंसेवकाचं नाक शाबूत आहे, यावर मात्र बसेना. तीनदा विचारलं.

शब्दाप्रमाणे ती बाबांशी बोलली. चार दिवसांनी ग्राऊंडच्या फाटकापाशी उभी होती, हातात एक फॉर्म.

"बाबा म्हणाले, डोंगरावर पळते ते ठीक आहे. पण बी.ए.चं काय? बाहेरून परीक्षा देता येते. आधी दोन वर्षं ते पुरं करू दे, मंग पाहू."

"दोन वर्षं? अन् मंग फक्त पाहू?" माझा आवाज चढला. अठ्ठावीस किलोमीटर, फाटका बनियन, सगळं पाण्यात. मी म्हणालो, तुझ्या बाबांना सांग, मला नाही जमत, आणि पाठ फिरवून निघालो. रस्ता ओलांडला, पानठेल्यापर्यंत गेलो. ती मागून हाक मारेल असं वाटत होतं. तिनं मारली नाही.

पानठेल्यापाशी उभा राहिलो. पानवाला म्हणाला, "काय देऊ?" मी म्हणालो, काही नाही. खिंडीतून उलटं खाली जाताना पाय जसे जड झाले होते तसेच झाले. पण वळलो.

ती तिथेच होती, फॉर्म पाठीमागे धरून.

"आलास?"

"माझं बोलणं अर्धंच झालं होतं."

"मंग बोल."

मी बोललो. बरंच बोललो, थोडं ओरडलोही. ती ऐकत उभी राहिली. माझं संपल्यावर मी तिच्याकडे पेन मागितला.