मामांनी हलवलेलं देऊळ

आमचे मामा सामान हलवणाऱ्या कंपनीत हमाल. लोकांचं घर एका जागेवरून उचलायचं आणि दुसरीकडे जसंच्या तसं मांडायचं, हा धंदा. त्यातही मामांचं नाव निघायचं ते अवघड जिन्यांसाठी. वळणावर कपाट अडलं की पोरं खालून ओरडायची, "मामा, या हो!" मग मामा बाह्या सारत यायचे आणि कपाटाकडे असं बघायचे, की कपाटानंच अंग चोरावं. एकदा आतल्या कपबशांसकट शोकेस त्यांनी चार मजले उतरवली आणि एक कप किणकिणला नाही. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे कपांची संख्या दर वेळी वाढायची.

यंदा मालकानं त्यांना उचलीवरून काढलं. "मामा, वय झालं. गाडीपाशी खुर्ची टाकून बसा, पोरांवर नजर ठेवा." पगार तोच. पण मामा घरी आले ते तोंड मिटूनच. मामीनं फार खोदलं तेव्हा म्हणाले, "खुर्ची उचलायला सांगितली असती तर उचलली असती. बसायला सांगतो!" तेव्हापासून जिन्यात कुणी जड पिशवी घेऊन दिसलं तरी ते मान वळवायचे. आपला खांदा आता कामाचा राहिला नाही, हे त्यांच्या मनानं घेतलंच होतं.

त्या रविवारी त्यांना बाहेर काढायचं म्हणून मी दोघांना शहरातल्या जपानी महोत्सवाला नेलं. मोठा रस्ता गाड्यांना बंद, दोन्ही अंगांना कागदी कंदील. एक म्हातारा जाड कुंचल्यानं लोकांची नावं जपानीत लिहून देत होता. मामीनं आपलं लिहून घेतलं आणि कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "ह्यात मी नेमकी कुठाय गं?" मामांचं कशातच लक्ष नव्हतं.

तेवढ्यात नगारे वाजले आणि गर्दी दुभंगली. लांब दांड्यांवर सोनेरी छपराचं छोटं लाकडी देऊळ, आणि ते खांद्यावर घेतलेली निळ्या डगल्यातली माणसं. "वाश्शोई! वाश्शोई!" ओरडत येत होती. मामा एकदम ताठ झाले.

"मागचा उजवा कोपरा बसतोय," ते पुटपुटले.

"तुम्हाला काय करायचंय?" मामी म्हणाली.

"तो गडी जाणार बघ."

गडी गेलाच. पाय मुरगळून कडेला बसला. देऊळ तिवईसारख्या लाकडी घोड्यांवर टेकवलं. म्होरकी एक ठेंगणी जपानी बाई होती, गळ्यात शिट्टी. तिनं आपल्या डोक्याच्या वर हात धरून गर्दीला चक्क मराठीत विचारलं, "एवढ्या उंचीचं कोणी आहे?"

मामांनी कोट मामीच्या हातात कोंबला.

"अहो, कंबर!"

"माझीच आहे ना? येईल माझ्याबरोबर."

बाईनं त्यांना खालीवर न्याहाळलं. "आजोबा, जड आहे हं." मामांचे कान लाल झाले. त्यांनी सरळ दांड्याखाली खांदा घातला.

देऊळ उठलं. बाकीचे कोपरे उसळ्या मारायला लागले, मामांचा मात्र भिंतीत ठोकल्यासारखा गप्प. पुढची माणसं जेवढं उडवत, तेवढं मामा अलगद झेलून धरत. देऊळ तिरपं झालं, ताल गेला, सगळे धडपडले. शिट्टी वाजली.

"तुम्ही हलवत का नाही?" बाई धावत आली.

"हलवू?" मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "अहो बाई, उभा जन्म न हलवण्यात गेला माझा!"

"आत देव आहे. हिंदकळला की खूश होतो. असं नेलंत तर झोपेल."

परत उचल झाली. पण हाडात मुरलेलं काम, खांदा ऐकेचना. पुन्हा झेलायलाच लागला. बाईनं दुसऱ्या एका तरुणाला बोटानं जवळ बोलावलं. इथूनही काढून खुर्चीवर बसवलं, तर हा माणूस पुन्हा उठणार नव्हता.

तेव्हा मामी फुटपाथवरून कडाडली, "अहो, हलवा की! कुणाची शोकेस नाही ती! फुटलं तर मी भरून देते!"

लोक हसले. मामांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता खांदा सुटला. मागचा कोपरा असा उसळला, की छपराच्या घंट्या खणखणल्या आणि पुढचे वळून बघायला लागले. "वाश्शोई!" मामांचा आवाज सगळ्यांच्या वर. बोलावलेला तरुण तसाच परत गेला.

चौकात थांबल्यावर बाईनं मामांचा दंड धरला आणि त्यांना मागच्या कोपऱ्यातून काढून पार पुढच्या दांड्याला नेऊन उभं केलं.

"आता चढ आहे. इथं तुम्ही."

मामांनी पाय रोवले आणि मागच्यांना जुन्या खड्या आवाजात हाक दिली, "चला रे, उचला!" शब्द कुणाला कळले असतील-नसतील, देऊळ उठलं.

मामी कोट पोटाशी धरून, कोपरानं गर्दी सारत त्यांच्या पुढं निघाली होती.

"सरका हो, सरका जरा. आमचे येतायत."