आईचा तेलकट मका

खवट पिठाचा वास आला की मला अजूनही सासर आठवतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझं लग्न झालं आणि मी मोहोळकडच्या खेड्यातून सोलापुरात, शुक्रवार पेठेत आले.

आमच्या रानातल्या मक्याचा दाणा बुटका, तांबूस, डोळ्याला मोठा. मक्यातलं तेल त्या डोळ्यात, म्हणजे टोकाशी असलेल्या कोंबात असतं. आमचा दाणा भिजवून नखानं दाबला तर नख चकाकायचं. शेजारच्या रानातला पांढरा मका नुसता पिठूळ. त्यात तेल थोडं आणि जे होतं तेही टिकाऊ, त्यामुळे पीठ महिनाभर राहायचं. आमचं आठवड्यात खवटायचं. पण ताज्या पिठाची भाकरी अशी मऊ, की कोरडीही खावी. म्हणून आई घरात लागेल तेवढंच दळायची. मला मात्र पीठच पाठवायची, कारण लेकीला दाणे दिले तर तिच्यामागं जन्मभर दळण लागतं अशी आमच्याकडची समजूत. सोबत निरोप असायचा, लगेच खा.

सासूबाईंची तऱ्हा निराळी. विहिणीकडून आलेली वस्तू भावकीनं पाहिल्याशिवाय उघडायची नाही. नणंद मोडनिंबहून येईपर्यंत डबा माजघरात मांडलेला. मी सांगून थकले. "माहेरचं खायची लई घाई हाय की तुला," म्हणायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी झाकण काढलं की दिव्याच्या जुन्या चिंधीसारखा भपकारा यायचा. मग नाकाला पदर लावून चारचौघींत सुरू, "बघा, विहीणबाईंनी काय धाडलंय." मला त्या पिठापेक्षा या मिरवण्याची जास्त किळस यायची.

एकदा नणंद आलेली असताना आईही भेटायला आली. सासूबाईंनी मुद्दाम त्याच पिठाच्या भाकऱ्या मला थापायला लावल्या आणि पहिली आईच्या ताटात वाढायला सांगितली. डबा कुणी उघडू दिला नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्याकडे बघून मान हलवली. तिनं भाकरी आमटीत कुस्करली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

"पीठ माजंच खराब हुतं, विहीणबाई," ती म्हणाली. "पोरीला बोल लावू नका."

सासूबाई हसल्या. त्या हसण्याची मला शिसारी आली आणि ती आजतागायत गेलेली नाही.

पुढच्या पेरणीला आईनं शेजाऱ्याकडून पांढरं बी आणलं. आमचं, आजोबांपासून राखलेलं, कोंबड्यांना टाकलं. नव्या पिठाचा डबा महिनाभर मांडून ठेवला तरी काही बिघडलं नाही. भाकरी मातकट, घास तोंडात फिरत राहायचा. सासूबाईंनी मात्र दोनदा मागून घेतली.

"तुज्या आईला," त्या मला म्हणाल्या, "आता कुटं दाण्याची पारख आली."